‘कोणाला काही झालं नाही ना?’ असे विचारणाऱ्या नागपूरच्या क्रीडारसिकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील क्रिकेट क्लब व क्रीडा मंडळांचे पदाधिकारी, प्रशिक्षक आणि समस्त क्रीडारसिक

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळचा सराव संपल्यावर मुले मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली पाणी पीत बसली होती. शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त होऊन मला सात वर्षे झाली, पण सकाळी मैदानावर गेल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. म्हणून मी जातो, नेटच्या मागे खुर्ची टाकून बसतो आणि कोणी विचारलेच तर एखाद्याच्या मागच्या पायाविषयी दोन शब्द सांगतो. त्या दिवशी दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्या गेलेल्या खेळाडूंचा विषय निघाला. मी म्हटले, असा खेळाडू कितीही मोठा असला तरी काही काळ त्याला संघाबाहेर ठेवलेच पाहिजे. त्यावर सोळा वर्षांचा, हाताला चांगली फिरकी असलेला एक मुलगा मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, “सर, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिले. मायकेल फेल्प्सले पण पकडलं होतं. तरी त्यानं रिओत पाच गोल्ड मारलेच ना?” शेजारी उभे असलेले प्रशिक्षक हसले आणि त्यांनी भर घातली, “आणि कोणाले काही झालं तं नव्हतं ना.”

मुलाच्या बोलण्याचे मला वाईट वाटले नाही. त्याने जे ऐकले ते तो बोलला. प्रशिक्षकांचे वाक्य मात्र घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, कारण ते वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि एका रात्री तेच मी स्वतःशी म्हटलेही आहे. एकट्या त्या प्रशिक्षकांना बाजूला घेऊन सांगितले असते तर ते माझ्या वयाचा मान राखून ‘हो सर’ म्हणाले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण हे वाक्य त्यांचे एकट्याचे नाही. ते आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून पत्र खुले लिहितो आहे.

आधी त्या मुलाने सांगितलेली गोष्ट पुरी करतो, कारण त्याला तिचा फक्त शेवट ठाऊक होता. अमेरिकेचा जलतरणपटू फेल्प्स पहिल्यांदा पकडला गेला तो नोव्हेंबर 2004 मध्ये. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सहा सुवर्णपदके जिंकून त्याला तीन महिनेही झाले नव्हते आणि त्याचे वय होते 19. त्याने गुन्हा कबूल केला, न्यायालयाने त्याला परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली अटींवर मोकळे, ठेवले आणि शाळकरी मुलांसमोर उभे राहून दारू पिऊन गाडी चालवण्याविषयी बोलायला लावले. 2008 मध्ये बीजिंगला त्याने आठ सुवर्णपदके जिंकली आणि जग ते प्रकरण विसरले. मग 30 सप्टेंबर 2014 च्या मध्यरात्रीनंतर बाल्टिमोरमधल्या एका बोगद्यापाशी पोलिसांनी त्याला पुन्हा थांबवले. ताशी 45 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तो 84 मैलांच्या वेगाने जात होता आणि मार्गिकेच्या रेघा ओलांडत होता. त्याच्या शरीरातल्या मद्याचे प्रमाण 0.14 टक्के, म्हणजे दर 100 मिलिलिटर रक्तात 140 मिलिग्रॅम भरले. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने त्याला सहा महिने निलंबित केले आणि 2015 च्या जागतिक स्पर्धेच्या संघातून वगळले. तो उपचारासाठी एका केंद्रात राहून आला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्याला एक वर्षाची स्थगित कैद आणि अठरा महिन्यांची परिवीक्षा सुनावली. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकची पाच सुवर्णपदके आली ती हे सारे झाल्यानंतर.

त्या बोगद्यात कोणाला काही झाले नाही, हे खरे आहे. पण कशामुळे झाले नाही, ते आपण क्रिकेटवाल्यांनी आपल्या मापाने पाहू. ताशी 45 मैल म्हणजे सुमारे 72 किलोमीटर, आणि त्या वेगाने मोटार एका सेकंदात 20 मीटर जाते, म्हणजे बरोबर एक खेळपट्टी. ताशी 84 मैल म्हणजे सुमारे 135 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन खेळपट्ट्या. ताशी 140 किलोमीटरच्या चेंडूला फलंदाजाकडे जेमतेम अर्धा सेकंद असतो आणि त्यातही तो चेंडू हातातून सुटताना पाहतो, अंदाज बांधतो, पाय हलवतो. त्या अर्ध्या सेकंदातला पाचवा हिस्सा गेला तरी बॅटची कड लागते, हे तुम्हा सर्वांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. मद्य नेमका तोच हिस्सा खाते. नजर अरुंद होते, कडेचे दिसेनासे होते, अंतराचा अंदाज चुकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण उत्तम चालवतो आहोत असा भरवसा वाढतो. फेल्प्ससमोर त्या क्षणी कोणी नव्हते, एवढेच झाले. रस्ता रिकामा असणे हे त्याचे कर्तृत्व नव्हते, आणि त्यासाठी त्याचे कौतुक करणे म्हणजे झेल सुटलेल्या फलंदाजाचे त्या फटक्यासाठी कौतुक करण्यासारखे आहे.

आपला कायदाही नेमके हेच सांगतो, पण तो कोणी वाचत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 185 मध्ये अपघाताचा उल्लेखच नाही. दर 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना जो वाहन चालवतो, किंवा चालवण्याचा प्रयत्न करतो, तो दोषी. प्रयत्न हा शब्द कायद्यातच आहे. किल्ली फिरवली की गुन्हा पुरा झाला, पुढे कोणी आडवे आले की नाही याच्याशी त्या कलमाचा संबंध नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याआधी हा दंड 2,000 रुपयांपर्यंत होता. इंग्लंडमध्ये रक्तातली मर्यादा 80 मिलिग्रॅम आहे, आपली 30, म्हणजे त्यांच्या निम्म्याहून कमी. ‘दोन पेगने काय होते’ असे म्हणणाऱ्याला इथेच थांबवले पाहिजे. आणि ‘खेळाडूचे शरीर आहे, पचवते’ असे मी ज्यांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना सांगतो की यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅम एवढ्याच गतीने हे प्रमाण खाली आणते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही आणि व्यायामानेही नाही. रात्री दीड-दोनला 140 असलेल्या माणसाला आपल्या मर्यादेत यायला सकाळचे नऊ वाजतील. पहाटे पाचला तोंड धुऊन, ‘आता उतरली’ म्हणत मोटारीत बसणारा माणूस उतरलेली घेऊन निघालेला नसतो.

आता ज्या प्रसंगात कोणाला तरी काही झाले होते, तो पाहा. 31 मार्च 2019 च्या पहाटे कोलंबोत श्रीलंकेचा कसोटी कर्णधार दिमुथ करुणारत्ने याच्या मोटारीने एका तीनचाकीला धडक दिली. त्याला मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली आणि नंतर जामीन मिळाला. त्याच्या आदल्याच महिन्यात त्याच्या संघाने दक्षिण आफ्रिकेत जाऊन कसोटी मालिका जिंकली होती. आशियातल्या कुठल्याही संघाने तिथे मिळवलेला तो पहिला मालिकाविजय होता. डर्बनचा तो एका गड्याने जिंकलेला सामना आपल्यातल्या कित्येकांनी श्वास रोखून पाहिला होता, मीही पाहिला होता. करुणारत्नेने माफी मागितली, मंडळाने त्याला 7,500 डॉलर दंड केला आणि त्याच एप्रिलमध्ये विश्वचषकासाठी एकदिवसीय संघाचे कर्णधारपदही दिले. तेव्हा आपल्या टपऱ्यांवर चर्चा झाली ती कर्णधारपदाची. चार वर्षे एकदिवसीय सामना न खेळलेल्या माणसाला कर्णधार का केले, एवढाच वादाचा मुद्दा. तीनचाकीचा चालक जखमी होऊन रुग्णालयात गेला होता. त्याच्याविषयी एक प्रश्नही मी त्या चर्चेत ऐकला नाही, आणि मी स्वतःही विचारला नाही. आपल्या बर्डीवर पहाटेच्या गाडीच्या प्रवाशांसाठी ऑटो लावून जो माणूस उभा असतो, तसाच तो असणार.

इंग्लंडच्या वेन रूनीचे प्रकरणही वेगळे नव्हते. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केल्यावर पंधरा दिवसांच्या आत, 1 सप्टेंबर 2017 रोजी तो पकडला गेला. दर 100 मिलिलिटर श्वासातले प्रमाण 104 मायक्रोग्रॅम, तिथली श्वासाची मर्यादा 35. न्यायालयाने त्याला दोन वर्षे वाहनबंदी आणि शंभर तास बिनपगारी समाजकाम दिले. पण वर्तमानपत्रांचे रकाने भरले ते मोटारीत शेजारी कोण बसले होते या प्रश्नाने. संसाराची कुचाळकी करायला मिळाली की रस्ता बाजूला पडतो, तो असा.

आता मी माझ्याकडे येतो. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर फारशी बोललेलो नाही.

2007 च्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका स्पर्धेचा बक्षीस समारंभ झाला आणि नंतर एका फार्महाऊसवर जेवण ठेवले होते. सावजी मटण होते, भाकरी होती, आणि बाटल्याही होत्या. त्या वर्षी आमच्या भागाचा एक जलदगती गोलंदाज फार गाजत होता. मोठ्या संघाच्या निवडीत त्याचे नाव येणार अशी बोलवा होती, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेण्यासाठी माझ्याएवढी माणसे रांगेत उभी होती. पहाटे चारच्या सुमारास तो उठला. त्याच्या हातातून मोटारीची किल्ली एकदा खाली पडली, त्याने वाकून ती उचलली आणि पुन्हा पडली. मी दोन हातांवर उभा होतो. मी त्याचा शिक्षक नव्हतो, पण वयाने मोठा होतो आणि तो मला सर म्हणत असे. मी किल्ली उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, “सांभाळून जा रे बाबा. पोहोचला की फोन कर.”

कॉटन मार्केटला भाजी घेऊन येणाऱ्या माणसांना तुम्ही पहाटे पाहिले असेल. तेव्हा सायकलींवरून येणारे बरेच असत. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोंबणारी ओली पोती आणि वर दोरीने आवळलेल्या जुड्या. अशा एका सायकलवाल्याला त्या मोटारीने मागून धडक दिली. दुपारी आम्ही चार-पाच जण मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गेलो. वॉर्डाच्या बाहेरच्या जिन्यावर त्या माणसाची बायको बसली होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत त्याची एकच चप्पल होती. दुसरी सापडली नव्हती. त्या चपलेला मेथीची पाने चिकटलेली होती, आणि ती बाई बोलता बोलता एकेक पान काढून पुन्हा पिशवीतच टाकत होती. आमच्यातल्या एकाने पुढे होऊन तिला पाचशे रुपये दिले. तिने ते हातात घेतले, मोजले नाहीत आणि आम्ही कोण, असेही विचारले नाही.

तो माणूस वाचला, पण त्याचा पाय गुडघ्याखाली गेला आणि त्याचे भाजीचे काम संपले. मला आज सांगायचे आहे ते त्यानंतरच्या आठवड्याचे. त्या आठवड्यात मला रस्त्यात, शाळेत, किराणा दुकानात किमान वीस माणसांनी या प्रकाराविषयी विचारले. प्रत्येकाने विचारले, “त्याच्या हाताले तं काही नाही ना झालं?” हात म्हणजे गोलंदाजाचा उजवा हात. मी सगळ्यांना सांगितले की नाही, हात ठीक आहे. मग ते म्हणत, चला, सुटला बिचारा, निवडीच्या तोंडावर नको ते झाले असते. भाजीवाल्याचा पाय गेला हे त्यांतल्या काहींना ठाऊक होते. त्याचे नाव कोणी विचारले नाही. मला ते माहीत होते, वॉर्डाबाहेरच्या फळ्यावर मी वाचले होते, आणि मीही ते कोणाला सांगितले नाही. त्या पहाटे मोटार फाटकाबाहेर पडताना मी मनाशी म्हटले होते की इतक्या वेळा असा गेला आहे, आजवर कोणाला काही झाले नाही.

म्हणून कोणी माझ्यासमोर ‘कोणाला काही झालं नाही ना’ म्हणतो तेव्हा मला त्या जिन्यावरची चप्पल दिसते.

ही झाली पाठीशी घालणारी प्रतिक्रिया. दुसरी याच्या उलट असते, आणि ती मला पहिलीपेक्षा फारशी चांगली वाटत नाही. खेळाडू पकडला गेला की काही लोक त्याच्यावर तुटून पडतात. माजलेत सगळे, पैसा जिरत नाही, आयुष्यभर बंदी घाला, पदके काढून घ्या. आपल्या नागपूरकरांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपी पुतळे, काढतो, सोबत बडगे म्हणजे पुरुषरूपी पुतळे असतात, आणि त्या वर्षी जे जे डाचले असेल त्याचा पुतळा करून, त्यावर फलक लावून, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण तो शहराबाहेर नेऊन जाळतो. मला ही प्रथा फार प्रिय आहे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती मिरवणूक पाहिली आहे आणि आजही चुकवत नाही. मारबतीसोबत आपण रोगराई घालवतो, महागाई घालवतो, भ्रष्टाचार घालवतो. पण त्यात एक सोयही असते. जे जाळले ते बाहेरचे होते, आपल्या घरात काही उरले नाही, असे समाधान घेऊन आपण परत येतो. पकडल्या गेलेल्या खेळाडूचा आपण असाच बडगा करतो. चार दिवस त्याला शिव्या घालतो, आणि पाचव्या दिवशी भावाच्या साखरपुड्याहून, अमरावती रोडवरच्या धाब्याहून, मित्राच्या बढतीच्या जेवणाहून स्वतः पिऊन गाडी घेऊन परत येतो, मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांसकट. ज्या माणसांनी मला त्या खेळाडूंना जन्माची अद्दल घडवायला हवी असे सांगितले आहे, त्यांतल्या किमान तिघांना मी माझ्या डोळ्यांनी असे करताना पाहिले आहे. त्यांची नावे मी घेणार नाही. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचेल आणि त्यांना कळेल.

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच शहरात, रामझुल्याच्या पुलावर, मोटारीच्या धडकेने दुचाकीवरच्या दोन तरुणांचा जीव गेला. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा गेला. दोन्ही ठिकाणी चालकाने मद्यपान केल्याचा आरोप आहे. पुण्यातल्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला, आणि तो राग योग्यच होता. तेव्हा आपल्यापैकी कोणीही चालकाच्या पुढच्या वाटचालीची, त्याच्यावरच्या दबावाची, त्याच्या हातात असलेल्या कलेची चौकशी केली नाही. आपण गेलेल्या मुलांच्या आईवडिलांकडे पाहिले. मग चालक चांगला खेळणारा असला की आपली मान दुसरीकडे कशी वळते? विदर्भाने तीन वेळा रणजी करंडक जिंकला, शेवटचा 2025 मध्ये आपल्या जामठ्याच्या मैदानावर. दिव्या देशमुखने त्याच वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक आणला तेव्हा आपण रस्त्यावर येऊन तिचे स्वागत केले. खेळाडूवर जीव टाकणारे हे शहर आहे आणि मी त्यातलाच एक आहे. पण ज्याच्यावर आपण जीव टाकतो त्याने घेतलेल्या धोक्याची किंमत पहाटे कॉटन मार्केटला निघालेल्या माणसाने का चुकवावी, याचे उत्तर आपल्या प्रेमात कुठेही सापडत नाही.

‘ते त्याचे खासगी आयुष्य आहे’ असेही म्हटले जाते. खेळाडूने घरात बसून काय प्यावे, किती प्यावे, याच्याशी मला देणेघेणे नाही. तो त्याच्या प्रशिक्षकाचा आणि डॉक्टरचा विषय आहे, आणि व्यसन असेल तर तो आजार आहे व त्यावर उपचार मिळायला हवेत. फेल्प्सने ते घेतले, आपल्या मनाच्या आजाराविषयी तो पुढे उघडपणे बोलला, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो. मात्र वर्धा रोड कोणाचे खासगी आयुष्य नाही.

पदाधिकारी मंडळींना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. कलम 185 च्या तीन कलमे पुढे, 188 व्या कलमात असे म्हटले आहे की जो कोणी या गुन्ह्याला साहाय्य किंवा चिथावणी देईल त्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा होईल. 2007 मध्ये मला हे कलम ठाऊक नव्हते. किल्ली उचलून हातात देणारा मी त्यात बसलो असतो की नाही ते न्यायालयाने ठरवले असते, पण माझ्या मनाने ते केव्हाच ठरवले आहे. तुम्ही स्पर्धा भरवता, जेवणे देता, बाहेरगावचे पाहुणे बोलावता. त्या जेवणात काय असते हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, आणि ते बंद करा असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही, हेही मी जाणतो. माणसे घरी कशी जाणार हे मात्र मंडपाच्या आणि केटररच्या खर्चासोबतच ठरवले पाहिजे. लाऊडस्पीकरला जेवढे लागतात तेवढ्या पैशांत रात्रभरासाठी दोन गाड्या आणि न पिणारे दोन चालक मिळतात. मी चौकशी केली आहे. ज्या संघांतली मुले अठराच्या आतली आहेत, त्यांच्या समारंभात बाटली येऊच नये. एवढे तरी मी न विचारता गृहीत धरतो.

आणि तुमच्या क्लबाचा एखादा खेळाडू यात सापडला तर पहिल्या दिवशी काय करायचे ते आजच लिहून ठेवा. तेव्हा तो कोण आहे, पुढच्या आठवड्यात सामना कोणाशी आहे, यावर निर्णय अवलंबून राहू नये. न्यायालय त्याचे काम करेल, तुम्ही तुमचे करा. त्याला काही महिने संघाबाहेर ठेवा, पण मैदानाबाहेर हाकलू नका. त्याने सकाळी यावे, मुलांना क्षेत्ररक्षणाचा सराव द्यावा, आणि ज्याला त्याच्यामुळे इजा झाली असेल त्याच्या घरी त्याने स्वतः, फोटोवाल्याशिवाय, जावे. आमचा गोलंदाज गेला नाही. मी त्याला जा म्हटले नाही. तो पुढे मोठ्या संघात पोहोचलाच नाही, पण त्याचे कारण त्याचा खांदा होता, त्या पहाटेचा त्याच्याशी संबंध नाही. लोक मात्र आजही म्हणतात की त्या ‘प्रकरणाने’ त्याचे वाटोळे केले. पाय ज्याचा गेला त्याचे काय झाले, हे त्या वाक्यात येत नाही.

प्रशिक्षकांना हात जोडून एक विनंती. मुले तुमचे बोलणे ऐकत असतात, हसणे त्याहून जास्त ऐकतात. फेल्प्सचे नाव पुन्हा निघाले तर 2004 पासून सुरुवात करा, बोगद्यातला वेग सांगा आणि मुलांना खेळपट्टीवर पावले टाकत तो मोजायला लावा. गेल्या मंगळवारी मी तेच केले. त्या फिरकीवाल्या मुलाला एका यष्टीपाशी उभे केले, हातात घड्याळ दिले, आणि ‘एक’ म्हणेपर्यंत मोटार कुठे पोहोचेल तिथे जाऊन उभा राहा म्हटले. तो समोरच्या यष्टीपर्यंत गेला. मी म्हटले, आणखी पुढे. तो चालत चालत दोरीच्या दिशेने बराच पुढे गेला, तिथून वळून त्याने मागे पाहिले आणि ओरडून विचारले, “सर, एका सेकंदात एवढं?” मी म्हटले, एवढं.

डिसेंबरमध्ये तुमच्या स्पर्धा सुरू होतील. ज्या मंडळाला हवे असेल त्याच्या जेवणाला मी येईन. मी पीत नाही आणि मला रात्री झोपही कमी लागते. दाराशी एक टोपली घेऊन बसेन, येणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली त्यात टाकावी आणि जाताना माझ्याकडून मागून घ्यावी. कोणाला द्यायची आणि कोणाला नाही ते मी पाहीन, आणि ज्याला नाही दिली तो माझ्यावर चिडला तरी चालेल. निरोप मैदानावर द्या, मी तिथे रोज सकाळी असतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
नागपूर